भाकरी, पोळी आणि अंगांतले पहारेकरी



नांदेड-लातूरकडील मंडळींना वेळ अमावास्या म्हणजे काय हें सांगावें लागत नाहीं. पण पुण्यामुंबईकडील श्रोत्यांसाठीं दोन शब्द बोलले पाहिजेत. मार्गशीर्षांतल्या अमावास्येला, ज्वारीचीं शेतें हिरवीं उभीं असतांना, आमच्या भागांत गांवेंच्या गांवें ओस पडतात. आमच्या बोलींत तिला येळवस म्हणतात. सारें बिऱ्हाड पूर्वीं बैलगाडींतून, आतां मोटारींतून, शेतावर जातें. कडब्याची कोप उभारून तींत पूजा होते, आणि मग जी पंगत बसते तींत ज्वारी-बाजरीचे उंडे असतात, तुरी, वाटाणे, ओले हरभरे आणि डाळीचें पीठ घालून केलेली भज्जी असते, आणि बिंदग्यांत आदल्या दिवसापासून आंबत ठेवलेली ताकाची आंबील असते. गव्हाची खीरही असते. पण खीर ती खीर, तिला कोणी जेवण म्हणत नाहीं.

माझ्या लहानपणीं आमच्याकडे गव्हाचें स्थान नेमकें तेंच होतें. रोज भाकरी, सणाला, श्राद्धाला आणि जांवई आला तर पोळी. कोणाच्या घरीं रोज पोळी होते असें म्हटलें कीं त्या घराचें अर्धें वर्णन झालें. आजारी माणसाला भात आणि बाळंतिणीला गव्हाची खीर. धान्यांतही ब्राह्मण-शूद्र असतात कीं काय असें वाटावें अशी ती उतरंड होती, आणि तींत ज्वारीची जागा फारशी वरची नव्हती. आज मला जी हकीकत सांगावयाची आहे, ती ह्या उतरंडीशीं निगडित आहे.

सहा-सात वर्षांपूर्वीं माझ्या धाकट्या बहिणीच्या नातीचें दुखणें सुरू झालें. पोर चार वर्षांची झाली तरी दोन वर्षांच्या मुलासारखी दिसे. हातपाय काटक्या, पोट तेवढें नगाऱ्यासारखें. दिवसांतून चार-चार वेळां शौचास जाई, सारखी किरकिर करी. घरांत खाण्यापिण्याला कांहीं कमी नव्हतें. शेजारच्या आयाबायांनीं ‘अंगीं लागत नाहीं’ एवढेंच निदान केलें, आणि अंगीं लागावें म्हणून जें जें पौष्टिक तें तें चालू झालें: गव्हाचें सत्त्व, रव्याची खीर, तुपांतला शिरा, दुधांत कुस्करलेली पोळी. पोर अधिकच वाळत गेली. एका डॉक्टरांनीं जंतांचें औषध दिलें, दुसऱ्यांनीं लोहाचें. शेवटीं एका तरुण डॉक्टरीणबाईंनीं रक्ताची एक विशेष तपासणी करविली, मग दुर्बिणीनें लहान आंतड्याचा कण काढून तपासला, आणि बहिणीला सांगितलें, ‘आजी, हिचा गहूं बंद करा. पोळी, रवा, मैदा, शेवया, सत्त्व, सगळें बंद. आणि तें कायमचें.’ बहिणीनें मला रात्रीं फोन केला. ती म्हणाली, ‘दादा, गव्हानें कधीं कोणाला कांहीं झाल्याचें तूं ऐकलें आहेस का रे?’

मीं ऐकलें नव्हतें. त्या प्रश्नाचें उत्तर शोधतां शोधतां जें हातीं लागलें तेंच आज आपल्यापुढें ठेवीत आहे. तो एका रोगाचा इतिहास आहे. पण त्यांत आमच्या मुलखाच्या भाकरीचाही इतिहास आपोआप येतो, आणि तो सर्वच भाकरीच्या स्तुतीचा नाहीं, हें आधींच सांगून ठेवतों.

प्रथम पहारेकऱ्यांची ओळख करून घेऊं. आपल्या रक्तांत ज्या पांढऱ्या पेशी फिरतात, त्यांचें काम परका कोण आणि आपला कोण हें ओळखून परक्याला मारणें. त्यांतील एका महत्त्वाच्या जातीला टी-पेशी म्हणतात. ह्या पेशी छातीच्या हाडामागें असलेल्या थायमस नांवाच्या ग्रंथींत तयार होऊन बाहेर पडतात. आतां गंमत अशी, कीं ही ग्रंथि अन्नावर किती अवलंबून आहे हें हिंदुस्थानांतच, तिचें काम काय हें जगाला ठाऊक होण्यापूर्वीं, पाहण्यांत आलें होतें. रॉबर्ट मॅकॅरिसन हे ब्रिटिश लष्करी डॉक्टर नीलगिरींतील कुन्नूर येथें १९१८ पासून आहारविषयक संशोधन करीत होते. जीवनसत्त्वहीन अन्नावर ठेवलेलीं कबुतरें मेल्यावर त्यांनीं तीं फाडून पाहिलीं, तेव्हां थायमस सुकून गेलेली आढळली. १९२१ सालच्या आपल्या ग्रंथांत त्यांनीं हें नमूद केलें. परंतु थायमस हा रोगप्रतिकाराचा कारखाना आहे हें जॅक्स मिलर यांनीं सिद्ध केलें तें १९६१ सालीं! म्हणजे चाळीस वर्षें पुरावा पुस्तकांत पडून होता आणि त्याचा अर्थ लावणारें शास्त्र जन्मावयाचें होतें. उपाशी मुलांना गोवर आणि हगवण इतक्या सहजीं कां नेतात, ह्याचें एक कारण ह्या सुकलेल्या ग्रंथींत आहे.

पण पहारेकरी दुबळा होणें हा एक प्रकार झाला. दुसरा प्रकार अधिक विचित्र. पहारेकरी धडधाकट असतो, पण घरच्याच माणसांना चोर समजून बडवूं लागतो. ह्याला स्वयंप्रतिकारक रोग म्हणतात. आमवाताचा एक प्रकार, मुलांचा मधुमेह, कंठग्रंथीचे कांहीं विकार हे ह्या कुळांतले. ह्या आडदांड पहारेकऱ्यांना आवरणाऱ्या पेशींचीही एक तुकडी शरीरांत असते. जपानचे शिमोन साकागुची यांनीं १९९५ सालीं ती दाखवून दिली, तेव्हां पुष्कळांना तें पटलें नव्हतें. २०२५ सालचें वैद्यकाचें नोबेल पारितोषिक त्यांना, मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांच्यासह, ह्याच कामगिरीबद्दल मिळालें. त्यांना आपण आज जमादार पेशी म्हणूं. प्रश्न असा, कीं आपण जें खातों त्याचा ह्या जमादारांशीं कांहीं संबंध आहे काय?

ह्या प्रश्नाची एक वाट आमच्याच मुलखांतून, निजामच्या जुन्या राज्यांतून जाते.

नांदेड आणि लातूर हीं दोन्हीं १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानांत होतीं. लातूर त्या वेळीं उस्मानाबाद जिल्ह्यांत मोडे, स्वतंत्र जिल्हा झाला तो १९८२ सालीं. काळी कसदार जमीन, बेभरंवशाचा पाऊस आणि ओलीवर येणारी रब्बीची ज्वारी, असा हा मुलूख. गांवोगांव पेवें असत. जमिनींत खोल खणून, कडब्यानें लिंपून, त्यांत ज्वारी सांठवीत, आणि दुष्काळांत पेव उघडे तेव्हां आंत उतरणारा माणूस कोंडलेल्या वाफेनें गुदमरूं नये म्हणून आधीं कंदील सोडून पाहत. सुखवस्तु घरीं भाकरीबरोबर तुरीचें वरण, दही, शेंगदाणे, जवसाची चटणी, पालेभाजी असे. मजुराच्या फडक्यांत मात्र भाकरी, मिरची आणि कांदा. येळवशीची भज्जी त्याच्या वांट्याला वर्षांतून एकदां येई.

ह्या मजुरांत उन्हाळ्याच्या तोंडीं एक रोग दिसे. मान, हात, पाय, म्हणजे जेवढें अंग उघडें असेल तेवढें भाजल्यासारखें काळें पडे, कातडी सुटे. पुढें हगवण लागे, आणि कांहींना भ्रम होई. त्याचें शास्त्रीय नांव पेलाग्रा. स्पेनमधील गास्पार कासाल या वैद्यानें १७३५ च्या सुमारास मक्यावर जगणाऱ्या गरिबांत तो प्रथम वर्णिला. अमेरिकेंत जोसेफ गोल्डबर्गर यांनीं १९१४ पासून झगडून तो संसर्गाचा नसून निकस अन्नाचा रोग आहे हें दाखविलें, आणि १९३७ सालीं कॉनरॅड एल्वेजेम यांनीं निकोटिनिक आम्ल हें त्यावरचें द्रव्य शोधलें. येथपर्यंत ही मक्याची गोष्ट होती. पण दख्खनमधले रोगी मका खात नव्हते. ते ज्वारी खात होते!

कुन्नूरची आहारसंशोधनशाळा १९५८ सालीं हैदराबादेस हलविण्यांत आली. तेथें सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनीं हें कोडें हातीं घेतलें. ज्वारींत निकोटिनिक आम्ल तांदुळाच्या मानानें कमी नाहीं. मग भात खाणाऱ्या गरिबाला न होणारा रोग ज्वारी खाणाऱ्याला कां? त्यांचें उत्तर १९६० सालीं ‘लॅन्सेट’ ह्या इंग्रजी वैद्यकीय पत्रांत प्रसिद्ध झालें. ज्वारीच्या प्रथिनांत ल्युसीन नांवाचा घटक प्रमाणाबाहेर असतो. आपलें शरीर ट्रिप्टोफॅन नांवाच्या दुसऱ्या घटकापासून थोडें निकोटिनिक आम्ल स्वतः बनवीत असतें, साधारण साठ भागांपासून एक भाग. ल्युसीनचा अतिरेक त्या कामांत मोडता घालतो, असें त्यांचें म्हणणें. पुढें इतर शास्त्रज्ञांनीं ह्या उपपत्तीवर आक्षेप घेतले, प्रत्येक ठिकाणीं तो परिणाम आढळला नाहीं, आणि वाद पूर्णपणें मिटला असें म्हणतां येणार नाहीं. मला स्वतःला असें वाटतें, कीं ज्वारी ही गुन्हेगार नसून गुन्ह्याच्या जागीं एकटी सांपडलेली साक्षीदार होती. तिच्याबरोबर वाटीभर वरण आणि ताक असतें तर खटलाच उभा राहिला नसता. मजुरी थोडी वाढली, डाळ-दूध थोडें मिळूं लागलें, जेवणांत धान्यांची सरमिसळ झाली, आणि हा रोग जवळजवळ दिसेनासा झाला.

ही जुनी गोष्ट मी एवढी लांबवून कां सांगतों? कारण ज्या ट्रिप्टोफॅनच्या मागें हैदराबादचे संशोधक लागले होते, तेंच ट्रिप्टोफॅन पुढें पहारेकऱ्यांच्या गोष्टींत अचानक अवतरलें. अमेरिकेंतील जॉर्जिया राज्यांत डेव्हिड मन आणि अँड्र्यू मेलर यांनीं १९९८ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. पोटांतला गर्भ हा आईच्या शरीराला अर्धा परकाच. मग आईच्या टी-पेशी त्याला कां मारीत नाहींत? त्यांना असें आढळलें, कीं गर्भाभोंवतालच्या पेशी तेथलें ट्रिप्टोफॅन जाळून टाकतात, आणि त्यावांचून टी-पेशींचा जोर ओसरतो. उंदरिणींना औषध देऊन हें जाळणें थांबविलें, तेव्हां त्यांचे गर्भ टिकले नाहींत. आपला आणि परका यांतला तंटा एका अन्नघटकाच्या कमीजास्तीवर मिटावा, ही कल्पनाच त्या वेळीं नवी होती.

त्याच प्रांतांत २०१४ सालीं आणखी एक धागा जुळला. निकोटिनिक आम्ल आंतड्यांतील पेशींवरच्या ज्या कुलपाला किल्लीसारखें लागतें, त्याच कुलपाला ब्युटिरेट नांवाचें दुसरें एक आम्लही लागतें, आणि तें कुलूप उघडलें कीं आंतड्यांत जमादार पेशी वाढतात, दाह उतरतो, असें तेथल्या संशोधकांनीं उंदरांत दाखविलें. हें ब्युटिरेट आपण खात नाहीं. तें आपल्या आंतड्यांतले जंतु बनवितात. आपण न पचणारा कोंडा, डाळींचीं सालें, भाज्यांचे तंतु खातों, आणि ते त्यांचें अन्न होतें. ब्युटिरेटमुळें जमादार पेशी वाढतात हें २०१३ सालीं जपानांत आणि अमेरिकेंत निरनिराळ्या प्रयोगशाळांनीं जवळजवळ एकाच वेळीं सांगितलें होतें. हें सर्व बव्हंशीं उंदरांवर झालेलें काम आहे, माणूस म्हणजे मोठा उंदीर नव्हे, ही जाणीव ठेवूनच तें ऐकावें. तरी पण कोंड्यासकट दळलेली भाकरी, सालीसकट डाळी आणि आंबील अशा पंगतीकडे पाहतांना माझी दृष्टि आतां थोडी बदलली आहे, हें कबूल करतों.

आतां माझ्या बहिणीच्या प्रश्नाकडे वळूं.

खाल्लेलें न पचतां बाहेर पडणें आणि माणूस झिजत जाणें हें दुखणें फार प्राचीन आहे. ग्रीक वैद्य अरेटिअस यानें त्याला पोटावरून नांव दिलें. आपल्याकडे चरकसंहितेच्या चिकित्सास्थानांत ग्रहणीदोषावर स्वतंत्र अध्याय आहे आणि त्यांत ताकाची महती आहे. हे सर्व एकच रोग होते असें मात्र कोणी समजूं नये. एका शब्दाखालीं दहा दुखणीं लपलेलीं असतात. लहान मुलांच्या ह्या विकाराचें आधुनिक वर्णन लंडनचे सॅम्युएल जी यांनीं १८८८ सालीं केलें. रोगी बरा व्हावयाचा असेल तर तो आहारानेंच होईल, इतकें त्यांना उमगलें होतें. पण कोणत्या आहारानें, तें उमगलें नव्हतें.

तें उमगलें हॉलंडांत. हेग शहरांतील मुलांच्या इस्पितळाचे डॉक्टर विलेम कारेल डिके यांना १९३० नंतरच्या दशकांतच गव्हाचा संशय आला होता आणि ते गव्हावांचून आहार देऊन पाहत होते. मग दुसरें महायुद्ध आलें. १९४४-४५ च्या हिंवाळ्यांत जर्मनांनीं पश्चिम हॉलंडची रसद तोडली. लोक ट्यूलिप फुलांचे कंद उकडून खाऊं लागले. शहरांत माणसें उपासमारीनें मरत होतीं, आणि डिके यांचीं हीं आजारी मुलें मात्र, पाव मिळेनासा झाल्यामुळें, बिघडेनाशीं झालीं! युद्ध संपून पाव परत आला आणि त्याबरोबर दुखणेंही परत आलें. दुष्काळानें एखादें सत्य दाखवून द्यावें, ही गोष्ट मनाला चरका लावणारी आहे. १९५० सालीं डिके यांनीं आपला प्रबंध सादर केला आणि गव्हांतील चिकट प्रथिन, ज्याला ग्लूटेन म्हणतात, तें ह्या रोगाचें मूळ म्हणून प्रस्थापित झालें. कणीक पाण्यांत मळून धुतली असतां हातांत जो रबरासारखा चोथा राहतो, तेंच हें ग्लूटेन. त्याच्यामुळेंच पोळी लाटतां येते. ज्वारींत तें नाहीं, म्हणून भाकरी लाटतां येत नाहीं, थापावी लागते. गहूं, जव आणि राय ह्या तीन सख्ख्या धान्यांत हें दुखणें आहे. ज्वारी, बाजरी, तांदूळ, मका ह्यांत नाहीं.

शरीरांत घडतें तें असें. ग्लूटेनचे कांहीं तुकडे पुरते पचत नाहींत. ते आंतड्याच्या भिंतींतून आंत शिरतात. तेथें शरीराचेंच एक किण्व त्यांच्यांत किंचित् फेरफार करतें. ज्यांच्या रक्तांत जन्मतः एका विशिष्ट जातीचे अंश असतात, त्यांच्या टी-पेशींना हा बदललेला तुकडा मोठा शत्रु वाटतो. त्या चवताळतात, आणि त्या धुमाळींत त्या किण्वावरही, म्हणजे स्वतःच्याच वस्तूवर, शस्त्रें तयार होतात. हें किण्व कोणतें तें जर्मनींत १९९७ सालीं सांपडलें, आणि माझ्या बहिणीच्या नातीची जी रक्ततपासणी झाली ती त्याच शोधाची लेक. आंतड्याच्या आंतून मखमलीसारखी जी लव असते, तिच्यावर अन्न शोषलें जातें; ती ह्या झुंजींत सपाट होते. मग सत्त्व द्या, शिरा द्या, तूप द्या, सारें वाहून जावयाचें. स्वयंप्रतिकारक रोगांच्या साऱ्या कुळांत, ज्याचें चेतवणारें कारण निश्चित ठाऊक आहे आणि तें काढून घेतां रोग शमतो, असा ठळक रोग हाच.

हिंदुस्थानांत हा रोग गोऱ्या लोकांचा म्हणून फार दिवस दुर्लक्षिला गेला. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत उत्तरेस, ईशान्येस आणि दक्षिणेस मिळून २३ हजारांहून अधिक निरोगी प्रौढांचें रक्त तपासलें. रोगाची खूण उत्तरेंत शेंकडा १.२३ लोकांत, ईशान्येंत ०.८७, आणि दक्षिणेंत अवघी ०.१० लोकांत सांपडली. जन्मजात अंश मात्र तिन्हींकडे जवळजवळ सारखाच, सुमारें एक-तृतीयांश लोकांत होता. मग फरक कशांत? उत्तरेंतला माणूस दिवसाला सरासरी ४५५ ग्रॅम गहूं खात होता, दक्षिणेंतला २५ ग्रॅम. अर्थात् केवळ गहूं हेंच सगळें उत्तर नव्हे, कारण ईशान्येंतही गहूं थोडाच, ३७ ग्रॅम, खाल्ला जातो. पण दारूगोळा सर्वांच्या घरीं आहे आणि ठिणगी कोठें अधिक पडते, एवढें तरी ह्या आंकड्यांवरून दिसतें.

आमचा मराठवाडा ह्या नकाशांत कोठें बसतो? उत्तर आणि दक्षिण यांच्या मधोमध. आणि नांदेड तर अक्षरशः दोघांच्या भेटीचें ठिकाण. १७०८ सालीं गुरु गोविंदसिंग गोदाकांठीं नांदेडास आले आणि तेथेंच त्यांचें देहावसान झालें. महाराजा रणजितसिंगांनीं १८३२ ते १८३७ च्या दरम्यान तेथें सचखंड हुजूरसाहिबची इमारत उभारली, पंजाबचीं माणसें येऊन स्थायिक झालीं, मराठी आणि दख्खनी बोलूं लागलीं. ज्वारीच्या समुद्रांत गव्हाच्या रोटीचें हें एक बेट दीड-दोन शतकें अखंड आहे. जात विचारल्याविना तेथें लंगरांत गव्हाची रोटी मिळे; नांदेडच्या कित्येक गरीब घरांतल्या पोरांनीं सणावांचूनची पहिली पोळी तेथेंच खाल्ली असेल.

बाकीच्या मुलखांत गहूं आला तो सरकारी गाडीनें. १९७२ चा दुष्काळ मला चांगला आठवतो. मी त्या वेळीं कॉलेजांत होतों. खडी फोडण्याच्या कामावर सुकडी वांटली जाई, आणि रेशनवर अमेरिकेची तांबडी मिलो ज्वारी मिळे, जिची भाकरी घशाखालीं उतरत नसे. त्या मिलोनें लोकांच्या मनांत ज्वारीबद्दलच एक अढी बसविली असें मला नेहमीं वाटत आलें आहे. ज्वारी म्हणजे दैन्य, गहूं म्हणजे सुगी. त्याच काळांत उत्तरेंत बुटक्या मेक्सिकन जातींपासून गव्हाचीं कोठारें भरलीं, आणि रेशनच्या दुकानांतून गहूं बारमहा येऊं लागला. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानें त्याची किंमत किलोला दोन रुपये ठरविली, २०२३ पासून तर तो फुकट झाला. इकडे लातूरच्या शेतांतून खरिपाची ज्वारी हटून सोयाबीन आलें. भाकरी थापण्याला हात लागतो, वेळ लागतो. पोळी सकाळीं करून डब्यांत देतां येते. अशा शंभर लहान कारणांनीं एका पिढींत ताट बदललें. उपासमार हटली हें फार मोठें काम झालें, त्याला नांवें ठेवणारा मी कोण? परंतु ह्या बदलाबरोबर ज्या थोड्यांच्या घरांत ठिणगी पडली, त्यांना ती ओळखतां यावी, एवढी तरी सोय व्हावयास हवी.

येथें एक सूचना केल्यावांचून राहवत नाहीं. हा विषय ऐकून कोणी आपल्या मनानें गहूं सोडूं नये. शंभरांतल्या नव्याण्णवांना गहूं उत्तम पोसतो. आणि ज्यांना संशय असेल त्यांनीं तर तपासणीपूर्वीं मुळींच सोडूं नये, कारण गहूं बंद केल्यावर रक्तांतली खूण पुसट होत जाते आणि निदान अवघड होऊन बसतें. तसेंच आमवात किंवा मुलांचा मधुमेह केवळ पथ्यानें बरा करतों असें सांगणारे वैदू आतां फोनवरही भेटतात, त्यांच्यापासून दूर राहावें. इतर स्वयंप्रतिकारक रोगांत आहाराचा हात किती, हें शास्त्र अजून चांचपडत आहे. अमेरिकेंत पंचवीस हजारांहून अधिक प्रौढांना पांच वर्षें ड जीवनसत्त्व किंवा नुसती गोळी देऊन पाहिली, त्याचा निकाल २०२२ सालीं लागला. जीवनसत्त्व घेणाऱ्यांत असे नवे रोग शेंकडा २२ नीं कमी आढळले. उपयोगी बातमी आहे, पण तेवढीच.

आमच्या घरची खरी लढाई मात्र प्रयोगशाळेंत नव्हे, गिरणींत झाली. गहूं बंद करून, ज्वारीची भाकरी चालू करून दोन महिने झाले तरी पोर पुरती सुधारेना. डॉक्टरीणबाईंनीं विचारलें, ‘पीठ कोठें दळतां?’ गल्लींतल्या गिरणींत, आधीं कोणाचे तरी गहूं दळून झाले कीं त्याच पात्यावर आमची ज्वारी पडे, आणि पहिलें किलोभर पीठ अर्धेंमुर्धें गव्हाचेंच! मग घरघंटी घेतली. पुढें कळलें कीं बाजारांतल्या डबीच्या हिंगांतही गव्हाचें पीठ मिसळलेलें असतें. बहिणीनें फोडणींतला हिंग काढला. शेवयांची बरणी, पापडाचें पीठ, बिस्किटें, एकेक करीत फडताळ रिकामें झालें. तिच्या थकल्या हातांनीं चाळीस वर्षांनीं पुन्हां रोज भाकऱ्या थापावयास घेतल्या, आणि सून तिच्याजवळ बसून शिकली. सहा महिन्यांत पोर चार बोटें वाढली. गालांवर रंग आला. शाळेंतल्या मुली डब्यांतली काळपट भाकरी पाहून हसत. तिनें एकीला सांगितलें म्हणे, ‘माझ्या पोटांत पोलीस आहेत, ते पोळीला पकडतात.’ हा शास्त्रार्थ तिला कोणीं शिकविला होता तें सांगावयास नको!

गेल्या वर्षीं आम्ही सारे नांदेडास गेलों होतों. हुजूरसाहिबच्या बाहेर पडतांना कडाप्रसाद हातावर मिळतो. तूप, साखर आणि गव्हाची कणीक ह्यांचा तो असतो. मुलगी ओळींत पुढें होती. बहिणीच्या जिवाची घालमेल झाली, कारण देवाच्या दारीं नाहीं कसें म्हणावें, आणि होय तरी कसें म्हणावें. पोरीनें दोन्ही हातांची ओंजळ करून प्रसाद घेतला, कपाळाला लावला, आणि मागें वळून तो आजीच्या हातावर ठेवला. मग लंगरांत आम्ही पंगतीला बसलों. रोट्यांची टोपली घेऊन येणारे एक वृद्ध सरदारजी तिच्यापुढें थांबले. बहिणीनें पिशवींतून फडक्यांत बांधलेली भाकरी काढीत त्यांना दोन शब्दांत कारण सांगितलें. ते शुद्ध नांदेडी मराठींत म्हणाले, ‘असूं द्या माय, आमच्या घरींबी रात्रीं भाकरच असते,’ आणि पुढच्या पानाकडे वळले.